स्तनकर्करोग, मूलपेशी-रोपण आणि प्रतिकारशक्ती : एक ऐतिहासिक टिपण

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात 1983 साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी रक्तकर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर अस्थिमज्जा-रोपण केले. भारतातील हे पहिले यशस्वी रोपण मानले जाते. अशा रोपणात मज्जा सहसा भावंडाची असते, आणि पुढील इतिहास समजण्यास ही बाब महत्त्वाची आहे. दात्याच्या पेशी शरीरात उरलेल्या कर्करोगपेशींना परक्या ठरवून मारतात. म्हणजे हे रोपण स्वतःच एक प्रतिकारचिकित्सा असते.

प्रगत स्तनकर्करोगासाठी पाश्चात्त्य देशांत 1980 च्या दशकाअखेर निराळा मार्ग रूढ झाला. रुग्णाच्याच मूलपेशी काढून गोठवायच्या, मज्जा नष्ट होईल इतकी रसायने द्यायची, मग त्या पेशी परत सोडायच्या. पेशी स्वतःच्याच असल्याने गाठीला परके मानणारे कोणी नव्हते. सारी भिस्त औषधाच्या मात्रेवर. तुलनात्मक चाचण्यांचे निष्कर्ष येण्यापूर्वीच हजारो स्त्रियांना हा जीवघेणा उपचार मिळाला. खर्च नाकारणाऱ्या एका विमा कंपनीस कॅलिफोर्नियातील ज्युरीने 1993 मध्ये सुमारे 8.9 कोटी डॉलरची भरपाई ठोठावली.

जोहान्सबर्गचे वर्नर बेझवोडा यांनी 1995 व 1999 मध्ये भरघोस यश जाहीर केले होते. 2000 साली अमेरिकी तपासनीस तेथे पोहोचले, तेव्हा 1999 च्या अभ्यासातील 154 पैकी 58 जणींच्याच नोंदी सापडल्या आणि सही केलेले संमतीपत्र एकही नव्हते. आकड्यांच्या लबाडीइतकीच ही दुसरी गोष्टही गंभीर म्हटली पाहिजे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या फिलाडेल्फियाच्या चाचणीत तीन वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण रोपणगटात 32 टक्के, नेहमीच्या रसायनोपचारात 38 टक्के होते. रोपणाचा लाभ दिसलाच नाही.

उणीव कोठे होती हे ओळखून काही संशोधकांनी रोपणानंतर प्रतिकारपेशींना चेतवण्याचे प्रयोग केले. इंटरल्यूकिन-2 हा त्यातील एक मार्ग. लॉरेन्स लम व सहकाऱ्यांनी रुग्णाच्या टी-पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांना दुतोंडी प्रतिपिंड जोडले. त्याचे एक टोक टी-पेशीला धरते, दुसरे गाठीवरील हर-2 प्रथिनाला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची 23 स्त्रियांवरील चाचणी प्राथमिक टप्प्याची, मुख्यतः सुरक्षितता पाहणारी होती.

आयआयटी मुंबई व टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार19 या टी-पेशी उपचारास ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली, ती मात्र रक्ताच्या व लसिकेच्या कर्करोगांसाठी. फतेगंजहून रेल्वेने मुंबई गाठणाऱ्या स्तनकर्करोगाच्या रुग्णासाठी शस्त्रक्रिया, किरणोपचार, रसायने, संप्रेरकविरोधी औषधे आणि गाठ हर-2 असल्यास ट्रास्टुझुमाब हेच मुख्य उपचार राहिले आहेत.