तुरळक विषय

दिवाळीच्या सुट्टीत आपाकडे गेलो होतो. चहा पुढे यायच्या आत दुलाभाईंनी सुरुवात केली, "सर, तुम्हीच हिला समजवा आता." एरवी ते मला नावाने हाक मारतात. सर म्हणाले की समजायचं, घरात काही तरी बिनसलंय.

बिनसलं होतं ते भाचीमुळे. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स शाखा. दुलाभाईंचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. तांब्याच्या तारेत आयुष्य गेलेल्या माणसाची मुलगी सर्किट शिकते, याचा त्यांना केवढा अभिमान! फी अर्धी कर्जाची, अर्धी दुकानाची. आणि पोरीच्या उशीखाली सापडलं अकरावीचं जीवशास्त्राचं पुस्तक. तिला नीट द्यायची आहे. कॉलेज न सोडता.

"मामू, बायोलॉजी मैं ने छोडी नहीं थी. छुडवाई गई थी," ती मला म्हणाली.

हे खरं आहे आणि त्यात माझाही हात आहे. अकरावीला तिने बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं, असं सल्ला देणाऱ्यांत मी होतो. दोनशे गुणांचा विषय, गुण चांगले मिळतात, असं प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाबूंनीही सांगितलं. बायफोकल घेतलं की दुसरी भाषा सुटते आणि शास्त्रातला एक विषय सुटतो. म्हणजे तिची उर्दूही गेली आणि जीवशास्त्रही गेलं. उर्दू शिकवणाऱ्या मामूने भाचीची उर्दू सोडवली, हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

घरी आलो आणि डोक्यात एकच प्रश्न राहिला. इंजिनिअर आणि डॉक्टर यांच्यामध्ये ही भिंत घातली कुणी?

आपल्या जलशांमध्ये असा प्रश्न निघाला की वक्ते लगेच इब्न सीनाचं नाव घेतात आणि टाळ्या घेऊन बसतात. मला त्याचा कंटाळा आहे. नाव घेतल्याने पोरांना प्रवेश मिळत नाही. पण त्या काळातली दोन-तीन माणसं इथे खरोखर कामाची आहेत, म्हणून सांगतो.

बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा नावाचा विद्वान होता. इ.स. ९०१ मध्ये वारला. मुसलमान नव्हता, हर्रानच्या साबी पंथाचा होता. तो गणिती होता, तराजूच्या दांडीचा तोल कसा राहतो यावर त्याचा ग्रंथ आहे, आणि तोच माणूस हकीमही होता. त्याचा मुलगा सिनान याचंही तसंच, गणित आणि हिकमत दोन्ही. ९३१ मध्ये बगदादमध्ये एका वैद्याच्या चुकीने रोगी दगावला. खलिफा मुक्तदिरने हुकूम काढला की सिनानने परीक्षा घेतल्याशिवाय कुणी इलाज करायचा नाही. एकट्या बगदाद शहरात आठशे साठाच्या वर लोक या परीक्षेला बसले.

या परीक्षेचा एक किस्सा जुन्या चरित्रकारांनी लिहून ठेवला आहे. एक म्हातारे गृहस्थ सिनानकडे आले. कपडे रुबाबदार, बोलणं अदबीचं. त्यांनी सोन्याच्या दिनारांची पुरचुंडी पुढे ठेवली आणि म्हणाले, मला लिहिता-वाचता येत नाही, पण याच धंद्यावर माझं घर चालतं, ते बंद करू नका. सिनान हसला. म्हणाला, ठीक आहे, पण जे कळत नाही त्याला हात लावायचा नाही, रक्त काढायचं नाही, जुलाब द्यायचा नाही. म्हातारबुवा म्हणाले, जन्मभर मी सिकंजबीन आणि गुलाबाच्या सरबतापलीकडे गेलोच नाही! दुसऱ्या दिवशी एक तरुण आला. कुणाकडे शिकलास? वडिलांकडे. वडील कोण? कालचेच ते. सिनानने त्यालाही तीच अट घालून सोडून दिलं.

मी वर्गात हा किस्सा सांगतो तेव्हा मुलं हसतात. पण त्यात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. सिनान रोग्याच्या जिवाची काळजी करत होता. तू आधी कोणता विषय सोडलास, हे त्याने कुणाला विचारल्याची नोंद नाही.

तिसरा माणूस अल-जझरी. दियारबकिरच्या दरबारात यंत्रं बनवायचा. १२०६ मध्ये पुरा झालेल्या त्याच्या ग्रंथात पाण्याची घड्याळं आहेत, पाणी उपसायची यंत्रं आहेत, आणि त्यांच्याच शेजारी रक्त काढताना वापरायची परातही आहे. परातीत रक्त जमेल तसा एक पुतळा फिरतो आणि किती रक्त गेलं ते दाखवतो. पाण्याच्या घड्याळात जी युक्ती, तीच इथे. रोग्याच्या उशाशी इंजिनिअर उभा आहे, असंच ते पान बघताना वाटतं.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रजी अमदानीत मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये निघालं आणि पुण्याला इंजिनिअरिंगची शाळा १८५४ मध्ये. सरकारला दवाखान्यासाठी माणसं हवी होती आणि रस्ते-पाटबंधाऱ्यांसाठी माणसं हवी होती. दोन खाती, म्हणून दोन शाळा. पुढे विद्यापीठांत इंटर सायन्सला ए ग्रुप आणि बी ग्रुप आले. ए म्हणजे गणित, बी म्हणजे जीवशास्त्र. १९७५ मध्ये दहावीची पहिली बॅच बाहेर पडली, दहा अधिक दोन आलं, आणि ए-बीचं पीसीएम-पीसीबी झालं.

तरीही भिंतीत एक दार होतं. मी नव्वदीच्या शेवटी बारावी झालो तेव्हा प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळायचा. गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतलेला मुलगा दोन बेरजा करायचा, एक पीसीएमची, एक पीसीबीची, आणि जिकडे बेरीज जुळेल तिकडे जायचा. आमच्या वर्गातला एक जण निकालाच्या दिवशी सकाळी इंजिनिअर होणार होता, संध्याकाळी डॉक्टर. (माझी एकही बेरीज जुळली नाही. मी बी.ए., बी.एड. केलं आणि बरं झालं.)

मग आल्या प्रवेश परीक्षा. वैद्यकीयसाठी देशभर एकच परीक्षा असावी म्हणून पहिली नीट मे २०१३ मध्ये झाली. जुलैत सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली, एप्रिल २०१६ मध्ये तो निकाल मागे घेतला आणि नीट परत आली. २०१७ ला ती मराठीतून होती पण उर्दूतून नव्हती. त्यासाठी कोर्टात जावं लागलं, आणि २०१८ पासून उर्दूचा पेपर मिळाला. उर्दू माध्यमातून बारावी केलेल्या मुलांचं ते एक वर्ष कसं गेलं, ते मी जवळून पाहिलंय.

या सगळ्यात एक नियम गुपचूप बसून होता. अकरावी-बारावीची दोन वर्षं जीवशास्त्र नियमित शिकलेलं असलं पाहिजे. बारावीनंतर जादा विषय म्हणून घेतलं तर चालणार नाही. सोळाव्या वर्षी खिडकीवर जे ठरलं ते आयुष्यभरासाठी ठरलं. २०१८ मध्ये वयाची अटही आली, खुल्या वर्गाला पंचवीस.

या अटींच्या चौकटीत सुजॉय गुहा बसले नसते. गुहा १९६२ मध्ये आयआयटी खरगपूरमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले, अमेरिकेत शरीरक्रियाशास्त्रात पीएच.डी. केली, दिल्लीत आयआयटी आणि एम्स यांच्या जोडीने बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं केंद्र उभं केलं. आणि त्यानंतर दिल्ली विद्यापीठाची एमबीबीएस मिळवली. पाण्याच्या पाइपला आतून एका पॉलिमरचा लेप दिला तर जंतू मरतील का, यावर ते काम करत होते. मग त्यांच्या मनात आलं की पुरुषाच्या शरीरातली शुक्रवाहिनी हीसुद्धा एक नळीच आहे. नस न कापता, एका इंजेक्शनने होणाऱ्या गर्भनिरोधनाचा शोध तिथून निघाला. आणीबाणीतल्या नसबंदीच्या आठवणी आमच्या मोहल्ल्यांत अजून आहेत, म्हणून कापाकापीशिवायचा उपाय शोधणाऱ्याबद्दल मला जास्तच आदर वाटतो. ३०३ पुरुषांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले. म्हणजे एका कल्पनेच्या मागे माणूस चाळीस-पंचेचाळीस वर्षं होता. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हे मी दुलाभाईंना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अब्दुल कलामांनी कुठे एमबीबीएस केलं होतं?" बिनतोड सवाल. कलामांनी अग्निबाणासाठी तयार झालेल्या हलक्या पदार्थातून हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमधल्या अपंग मुलांसाठी कॅलिपर करून दिले. तीन किलोचं ओझं तीनशे ग्रॅमवर आलं. इंजिनिअर राहूनही रोग्यापर्यंत जाता येतं, यात दुलाभाईंचं काहीच चुकत नाही. मी तेवढंच म्हणालो, कलामांना मुलांच्या पायाचं ओझं दिसलं, तिला काय दिसतंय ते एकदा विचारून तर बघा.

त्यांनी विचारलं की नाही, माहीत नाही. पण नियम मात्र बदललेत. २०२२ मध्ये वयाची वरची अट गेली. २२ नोव्हेंबर २०२३ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सूचना काढली की बारावी झाल्यावर जीवशास्त्र जादा विषय म्हणून घेऊन पास झालं तरी नीटला बसता येईल. आपल्या बोर्डाच्या फॉर्मवर त्यासाठी एक प्रकारच आहे, "तुरळक विषय". भाचीला ते शब्द वाचून हसू आलं. म्हणाली, नीटच्या ७२० पैकी ३६० गुण या तुरळक विषयाचे आहेत.

उरलेले ३६० भौतिक आणि रसायनचे. ते तिचे आधी झालेत, पण दोन वर्षांत गंजलेत. भौतिकला इंजिनिअरिंगचा उपयोग होतो, असं लोक म्हणतात. मी तिच्या वह्या पाहिल्या. थोडाच होतो. नीटला गणिताची खोली लागत नाही, घड्याळाशी झुंजायची सवय लागते, आणि इंजिनिअरिंगचं कॉलेज ती सवय मोडतं. शिवाय मेचा पहिला रविवार म्हणजे सेमिस्टरचं सबमिशन, तोंडी परीक्षा, सगळं डोक्यावर. २०२४ ला नीटसाठी २४ लाखांच्या वर नावं नोंदली गेली आणि देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्या वर. त्यातल्या सरकारी फीच्या जागा सुमारे निम्म्या, आणि दुलाभाईंचं दुकान तेवढ्याच जागांचा विचार करू शकतं. हे सगळे आकडे मी तिच्यापुढे मांडले. तिने ते आधीच मांडलेले होते, वहीच्या शेवटच्या पानावर.

आमच्यात ठरलं ते एवढं: दुसऱ्या वर्षाचा एकही विषय मागे ठेवायचा नाही, कारण कर्ज खरं आहे. फेब्रुवारीत जीवशास्त्राची बोर्डाची परीक्षा, मेमध्ये नीट, एकदाच. पुढचं पुढे. आपाने मधेच विचारलं, "और नहीं हुआ तो?" भाची म्हणाली, "तो अम्मी, सर्किट है ना."

फॉर्मची मुदत संपली आहे, विलंब शुल्काचे थोडे दिवस उरलेत. प्रॅक्टिकल करून घ्यायला कुणी तयार असेल तरच तिच्या जुन्या ज्युनिअर कॉलेजात फॉर्म घेतील म्हणे. सोमवारी दोन तासांची रजा टाकली आहे. त्याच खिडकीवर परत जायचंय, या वेळी दुलाभाईही येतो म्हणालेत.