भाऊबीज, रात्री ९.४१

बुधवार, १५ ऑक्टोबर २०१४. सकाळी ६.५०. धुळ्याच्या घरात बाबा कॉम्प्युटर सुरू करतात. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी संदेश येतो: डिस्कची स्थिती ‘बॅड’, बॅकअप घ्या, डिस्क बदला. खाली एक ओळ: पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. बाबा एफ-वन दाबतात. विंडोज नेहमीसारखं उघडतं.

डिस्कवर ‘अहिराणी शब्द’ नावाची एक फाइल आहे. आकार ३.१ एमबी, नोंदी ६,२४०. निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत बाबांनी शिरपूर, शिंदखेडा, साक्री या तालुक्यांतल्या बाजारांतून, लग्नाच्या मांडवांतून, नातेवाइकांकडून हे शब्द वेचले. साक्रीच्या मावशीने एकटीने ८०० च्या वर दिले. टाइप झालेल्या चिठ्ठ्या रद्दीत गेल्या. फाइलची शेवटची सीडी मार्च २०११ ची.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर, पाडवा. संध्याकाळी ७.१५. मी दिवाळीला पुण्याहून आलोय. बाबा म्हणतात, “हा हल्ली फार घरघरतो. बघ जरा.”

७.४०. मी डब्याचं झाकण काढतो. प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीचा नमदा बसलाय. पंख्याच्या मधल्या गोल भागावर क्षणभर बोट टेकवतो. घरघर थांबते. निदान झालं, असं मला वाटतं.

८.०५. रंगाच्या ब्रशने धूळ झाडली, आईच्या शिलाई मशीनचं तेल एक थेंब. पंखा गप्प झाला.

८.२०. त्या शांततेत एक बारीक ‘कट्’ ऐकू येतो. मग काही नाही. घरघरीखाली तो किती दिवस दबला होता, कोण जाणे. दिवाळीच्या रोषणाईने व्होल्टेज खालीवर होतंय, यूपीएसमधला रिले वाजत असणार, असं मी बाबांना सांगतो.

शनिवार, २५ ऑक्टोबर, भाऊबीज. सकाळी ९.३०. फाइल उघडायला ४० सेकंद लागतात. एरवी चार-पाच लागत.

११.१०. यूपीएस काढून वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटला जोडतो. ‘कट्’ येतच राहतो.

११.२५. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कच्या पत्र्यावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावतो. डॉक्टरांच्या नळीसारखं सगळं ऐकू येतं. आधी तबकडीचा सलग सूर. ती मिनिटाला ७,२०० फेरे घेते. मग सूर तसाच असताना आत काहीतरी खरडल्यासारखं होऊन ‘कट्’. वाचणारं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड. हेडला माग सापडला नाही, की ते मागे आपल्या जागेवर येतं आणि पुन्हा निघतं. त्या परतण्याचा हा आवाज.

११.४०. नेटवरून एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून डिस्कची नोंदवही पाहतो. वाचता न आल्याने अडकून पडलेले सेक्टर: ३२. गूगलच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ साली मांडलं होतं, की तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता धडधाकट डिस्कच्या ३९ पट असते. ते मी वाचलेलं होतं.

१२.०५. पेन ड्राइव्ह शोधतो. भाच्याने तो टीव्हीला लावलाय, कार्टून चालू आहे. त्यात २०० एमबी जागा शिल्लक आहे. ताई पाट मांडत असते. “जेवणं झाल्यावर करू,” मी म्हणतो. ३.१ एमबी कॉपी व्हायला काही सेकंद लागले असते. मेलला जोडूनही फाइल गेली असती.

१.३०. ओवाळणी, जेवण. कॉम्प्युटर चालूच.

४.५०. बिघडलेले सेक्टर हुडकून वाचेल ते वाचवायचं काम मी विंडोजच्या ‘चेकडिस्क’ला लावतो. यात डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली जाते. आजारी हेडकडून इतकं काम घेण्याआधी नक्कल काढायची असते, हा क्रम मला माहीत होता. दुरुस्तीच्या नादात मी तो उलटा केला.

५.०५. रीस्टार्ट. काळ्या पडद्यावर संदेश. मी तो पहिल्यांदाच पाहतो.

“हे कधीपासून येतंय?”

“दहा-अकरा दिवस झाले. एफ-वन दाबलं की जातं.”

मी एफ-वन दाबतो.

६.३०. पाचपैकी चौथा टप्पा, फायलींची तपासणी. ११ टक्के. मिनिटाला एखादा ‘कट्’.

८.००. १७ टक्के. ताई गच्चीवर भाच्याचे फटाके उडवायला बोलावते. आम्ही सगळे वर जातो. बाबा खालीच खुर्चीत बसतात.

९.२०. १७ टक्केच. दर चार सेकंदांनी ‘कट्’. मधेच थांबवलं तर आणखी बिघडेल, या भीतीने मी बटणाला हात लावत नाही.

९.४१. लागोपाठ तीन ठोके. मग तबकडीचा सूर उतरत उतरत बंद होतो. पंखा फिरत राहतो. त्याचा आवाज येत नाही.

९.४४. पुन्हा सुरू केल्यावर डिस्कच सापडत नाही. पुढे पुण्यात एका डेटा रिकव्हरीवाल्यांनी ती उघडली, तेव्हा तबकडीवर गोल चरे उमटलेले होते. हेड टेकलं होतं. चुंबकीय थर खरवडून त्याची भुकटी आतभर पसरली होती.

१०.५०. बाबा कपाटातून २०११ ची सीडी काढतात. माझ्या लॅपटॉपवर ती उघडते. नोंदी २,१६०. बाबा बाण दाबत एकेक पान खाली जातात. शेवटच्या पानावर थांबतात.

११.१५. “साक्रीच्या मावशीकडे मी बारा साली जायला लागलो,” ते म्हणतात. “तेरात ती गेली.”