डबीवरचे दोन शब्द

भाची सेऊलहून आली तेव्हा तिने माझ्या हातात एक डबी ठेवली. "मावशी, ही तुलाच आणलीय. कपाटात ठेवून देऊ नकोस, रोज रात्री लाव." डबी हाताला चांगलीच जड लागली. मधाच्या रंगाची जाड काच, आत आणखी एक पातळ झाकण, त्यावर करंगळीएवढा चपटा चमचा, क्रीमला बोट लागू नये म्हणून. वास फुलांचा नव्हता. ओली माती, ठेचलेलं आलं आणि शेजारच्या घरात काढा उकळत असावा, असा काहीसा. जिनसेंगचा. किंमत तिने सांगितली नाही. मी नंतर शोधली, तर पाच आकडी निघाली.

खोक्याच्या कडेला बारीक कोरियन अक्षरं होती. भाचीने त्यातल्या दोन जागी नख टेकवलं. "हे 'मीबेक' आणि हे 'जुरुम गेसन'." 'मी' म्हणजे सुंदर, 'बेक' म्हणजे पांढरा. जुरुम म्हणजे सुरकुत्या, त्या कमी करणारं ते जुरुम गेसन. "आणि हे शब्द कुणीही उठून छापू शकत नाही हं, सरकारची मंजुरी लागते," ती म्हणाली.

पहिल्या शब्दाशी मी अडखळले. मी सावळी. 'नाकीडोळी नीटस आहे, पण...' हे वाक्य मी माझ्या बैठकीच्या खोलीत चहाचे कप उचलताना ऐकलेलं आहे. त्यामुळे 'सुंदर-पांढरा' असा जोडशब्द एका देशाच्या कायद्यात आहे म्हटल्यावर तो तिथे आला कुठून, हे मला शोधावंसं वाटलं. दोन महिने रात्री क्रीम लावत होते आणि दिवसा तिचं कूळ शोधत होते.

महागड्या कोरियन क्रीमच्या जाहिराती हे कूळ राजवाड्यात नेऊन सोडतात. २००३ साली आलेल्या एका बड्या ब्रँडचं नावच 'द हिस्टरी ऑफ हू' आहे, आणि त्यातला 'हू' म्हणजे राणी. मी मात्र आधी माजघरात जाऊन पोचले. १८०९ साली यी घराण्यातल्या बिंगहॉगाक या विदुषीने 'ग्युहाप चोंगसो' नावाचा ग्रंथ लिहिला. स्वयंपाक, दारू गाळणं, शिवण, कापड रंगवणं, शेतीभाती, औषधं, असा घर चालवणाऱ्या बाईला लागणारा सगळा ऐवज त्यात आहे. आणि हिवाळ्यात चेहरा फुटतो त्यावर उपायही आहे. तीन अंडी दारूत बुडवायची, भांड्याचं तोंड वाफही जाणार नाही असं घट्ट बांधायचं, चार आठवडे, म्हणजे २८ दिवस, तसंच ठेवायचं आणि मग ते तोंडाला लावायचं. चेहरा उलत नाही आणि जेडच्या खड्यासारखा तुकतुकीत होतो, असं ती सांगते. तिचा पहिला भर त्वचा उलू नये यावर आहे. थंडीत गालाला भेगा पडलेल्या, चुलीपुढे आणि विहिरीवर राबणाऱ्या बायका तिच्या डोळ्यांसमोर असाव्यात, असं मला वाटतं.

त्या काळी तोंड धुवायला कोरियात मूग दळून केलेलं पीठ वापरत. त्याला 'जोदू' म्हणत. हे वाचलं आणि मला आमच्या आजीची मोरी आठवली. कोनाड्यात डालड्याच्या डब्यात मूग-मसुराचं पीठ, त्यात चिमूटभर हळद. तोंडावर घासताना ते खरखरीत लागायचं आणि धुतल्यावर गाल ताणल्यासारखे व्हायचे. या दोन घरांची एकमेकींना काही खबर नव्हती. कडधान्याचं पीठ मळ आणि तेल सोडवतं, हे दोन्हीकडच्या बायकांना हाताने कळलेलं होतं.

राजवाड्यात काय होतं, तेही आता ठाऊक आहे. राजा यॉंगजोची मुलगी ह्वाह्योप १७५२ साली गोवर येऊन वारली, तेव्हा तिची विशीही धड उलटली नव्हती. ज्या सादो राजपुत्राला पुढे बापानेच तांदळाच्या पेटीत कोंडून मारलं, त्याची ही बहीण. सेऊलजवळ नामयांगजूला तिची कबर उकरली, तेव्हा चिनी मातीच्या बारा चिमुकल्या डब्या मिळाल्या. काही कोरियातल्या, काही चीन-जपानहून आलेल्या. आत अडीचशे वर्षांपूर्वीची प्रसाधनं वाळून बसली होती. तपासल्यावर पांढऱ्या पुडीत शिसं निघालं, तर लाल रंगात हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज. एका डबीत तर आंबट द्रवात बुडवलेल्या हजारो मुंग्या होत्या. कशासाठी लावत असेल ती मुलगी हे? मी त्या डब्यांचं छायाचित्र बराच वेळ पाहिलं. आपल्या तळहातावर तीन मावतील एवढ्याच त्या आहेत. राजकन्येच्या शृंगारातला पांढरा रंग विषाचा होता आणि बिंगहॉगाकच्या घरातली अंडी-दारू निर्धोक. राजघराण्याचं नाव लावून क्रीम विकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पण माजघर तरी सगळं निर्दोष कुठे होतं? सेऊलमध्ये पाक सुंग-जिक नावाचा कापडाचा व्यापारी होता. त्याची बायको जॉंग जॉंग-सुक हिने घरी चेहऱ्याची पावडर करायला घेतली. कापड घेणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यातली एक पुडी भेट. बायका कापडापेक्षा पावडरीसाठीच येऊ लागल्या. १९१६च्या सुमाराला ती 'पाकगाबुन' या नावाने विकायला निघाली. पाकांची पावडर. कोरियात कारखानदारी पद्धतीने विकलं गेलेलं हे पहिलं प्रसाधन. चेहऱ्यावर ती घट्ट बसायची, एका हातात रंग पालटायची. कारण तिच्यात शिसं होतं, आपण ज्याला सफेदा म्हणतो तेच. रोज थर देणाऱ्या बायकांची कातडी खराब होऊ लागली, बोभाटा झाला आणि १९३७ साली पाकगाबुन बंद पडली. पाकांचं दुकान पुढे दूसान हा मोठा उद्योगसमूह झालं. पाकगाबुन निघाली त्याच सुमाराला, १९१९ साली, मुंबईत पाटणवालांनी 'अफगाण स्नो' काढला होता. बर्फाचं नाव घेतलेली डबी आपल्याकडेही घरोघर गेली. हे नाव पुढे पुन्हा भेटणार आहे.

माझ्या हातातल्या जिनसेंगचा धागा केसॉंग गावी जातो. केसॉंग जिनसेंगचं माहेर. चांगलं मूळ तयार व्हायला सहा वर्षं लागतात, वरून छपराची सावली धरावी लागते. या गावात १९३०च्या दशकात युन दोक-जॉंग नावाची बाई कॅमेलियाच्या बियांचं केसांचं तेल काढून विकत असे. मुलगा सो सॉंग-ह्वान तिच्या हाताखाली शिकला. माल आणायला तो सायकलवरून थेट सेऊलच्या बाजारात जायचा, असं त्यांच्या कंपनीच्या इतिहासात सांगतात. १९४५ साली, जपानी राजवट संपली त्या वर्षी, त्याने कंपनी काढली. तीच आजची अमोरेपॅसिफिक. १९५१ साली, कोरियन युद्ध पेटलेलं असताना, त्याने एरंडेलावर आधारलेलं केसांचं पोमेड बाजारात आणलं आणि ते तुफान चाललं. १९५४ साली कंपनीने प्रसाधनांची प्रयोगशाळा उभी केली. मात्र १९५३च्या युद्धबंदीत केसॉंग उत्तर कोरियात गेलं. आईची तेलाची घाणी, जिनसेंगचे वाफे, सगळं कुंपणापलीकडे राहिलं. १९६६ साली याच माणसाने जिनसेंगची पहिली क्रीम काढली. धंद्याचा हिशोब त्यात असणारच. तरी गाव कायमचं तुटलेल्या माणसाने गावच्या मुळाचा वास डबीत भरला, हे वाचून मी रात्री डबी उघडली तेव्हा तो वास मला निराळा लागला.

ही क्रीम घरोघर पोचवली बायकांनीच. १९६१ साली कोरियाने परदेशी मालाच्या विक्रीवर बंदी घातली, त्यात प्रसाधनंही आली. देशी माल दुकानांतून स्वस्ताईच्या चढाओढीत अडकला होता. तेव्हा, १९६४ पासून, 'अमोरे' नाव लावून बायका दारोदार फिरू लागल्या. त्यांतल्या कितीतरी युद्धात नवरा गेलेल्या, पदरी मुलं असलेल्या होत्या. त्या उंबऱ्याशी बसून गिऱ्हाइकाच्या हातावर क्रीम चोळून दाखवत, पैसे हप्त्याने घेत. आज सेऊलच्या झगमगीत दालनात कुणीतरी आपल्या मनगटावर चमच्याने क्रीम लावून देतं, ती लकब त्या उंबऱ्यावरची आहे.

झाकणाचीही एक हकिकत आहे, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. १९४७ साली बुसानमध्ये कू इन-ह्वे यांच्या कारखान्यात 'लकी' नावाची क्रीम निघाली. क्रीम खपे, पण झाकणं फुटत. न फुटणारं झाकण हवं म्हणून ते प्लास्टिककडे वळले, तिथून कंगवे, साबणदाण्या, मग रेडिओ. लकी आणि गोल्डस्टार मिळून एलजी. आपल्या घरातला फ्रिज त्याच घराण्यातला, आणि वर आलेला राणीच्या नावाचा ब्रँडही त्यांचाच.

जिनसेंग क्रीमला राजस वेष चढला तो बऱ्याच उशिरा. १९८७ साली अमोरेने वनौषधींची 'सोल्ह्वा' ही मालिका काढली आणि १९९७ साली तिची 'सुल्वासू' झाली. सोल्ह्वा म्हणजे हिमपुष्प. पाटणवालांच्या स्नोनंतर ६८ वर्षांनी दुसऱ्या एका देशाने पुन्हा बर्फालाच हाक मारली. १९९७ साल म्हणजे कोरियाचं दिवाळं निघायची वेळ. नाणेनिधीचं कर्ज घ्यावं लागलं, त्यापाठोपाठ बायकांनी देशासाठी अंगठ्या-साखळ्या काढून दिल्या. अशा काळात 'आपल्या मातीतलं, फ्रेंच मालाच्या तोडीचं' असं काही विकत घेण्यात लोकांना आधार वाटला असेल, असं मी समजते.

आता ते दोन शब्द. प्रसाधनांसाठी वेगळा कायदा कोरियात १९९९ साली झाला आणि जुलै २००० पासून लागू झाला. त्याआधी हा माल औषधांच्या कायद्याखाली होता. नव्या कायद्याने साधं प्रसाधन आणि औषध यांच्यामध्ये एक तिसरा कप्पा केला, 'गुणकारी प्रसाधनं'. सुरुवातीला त्यात तीनच गुण होते: मीबेक, जुरुम गेसन आणि उन्हापासून बचाव. कोणत्या द्रव्याचं किती प्रमाण असेल तर तो शब्द छापता येईल, हे सरकारने ठरवून दिलं. मीबेकसाठी नायसिनामाइड २ ते ५ टक्के, सुरकुत्यांसाठी अ‍ॅडेनोसिन ०.०४ टक्के. माझ्या खोक्यावर हीच दोन्ही नावं आहेत. मी हिशोब केला. ६० ग्रॅमच्या डबीत अ‍ॅडेनोसिन २४ मिलिग्रॅम, तांदळाच्या दाण्याएवढं. नायसिनामाइड कमीत कमी १.२ ग्रॅम. खोक्याच्या दर्शनी बाजूला मात्र जिनसेंगचं मूळ सोनेरी रेषांत काढलेलं आहे.

नायसिनामाइड हे ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप. ते कमी पडलं की पेलाग्रा होतो, उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलवटते, गळ्याभोवती तर हार घातल्यासारखा पट्टा उमटतो. दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या गरिबांत हा रोग होता. हैदराबादच्या संशोधनकेंद्रात सी. गोपालन यांनी त्याचा अभ्यास केला होता. तोंडाला लावल्यावर हे द्रव्य रंग धुऊन काढत नाही. रंगपेशींत तयार झालेले रंगकण शेजारच्या पेशींत जातात, ती ने-आण ते मंदावतं. परिणाम सौम्य असतो, लावायचं थांबवलं की रंगकण पुन्हा वाटेला लागतात.

आणि हेच द्रव्य मुंबईच्या हिंदुस्तान लिव्हरने १९७५ साली 'फेअर अँड लव्हली'त घातलं होतं, कोरियाचा कायदा लागू होण्याआधी २५ वर्षं. खेड्यातल्या किराणा दुकानात मिळणारी ट्यूब आणि सेऊलची ही जड काच, आत एकच जीवनसत्त्व. २०२० साली त्या ट्यूबच्या नावातला गोरेपणा काढून 'ग्लो' आला. कोरियन कंपन्याही बाहेर पाठवायच्या खोक्यांवर इंग्रजीत 'ब्रायटनिंग' छापतात. कोरियन मजकुरात मीबेक तसंच आहे. 'पांढरा' हा गुण म्हणून कायद्यात बसवलेला मला पटत नाही. डाग फिके होणं, तुकतुकी येणं यासाठी त्या भाषेत शब्द नाही असं नाही. बिंगहॉगाकच्या पानावर तो होताच.

डबी आता तळाला आली आहे. पहिल्या आठवड्यातच कातडी मऊ झाली, ते तेल आणि ओलाव्याचं काम. गालाच्या हाडावरचे दोन डाग किंचित फिके वाटतात, पण त्या महिन्यांत मी रोज सकाळी सनस्क्रीनही लावत होते, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं ते सांगता येत नाही. डोळ्यांच्या कडेच्या रेषा आहेत तिथेच आहेत. माझा रंग माझाच आहे. झोपण्याआधी चमच्याने मटाराएवढी क्रीम घेऊन, तळव्यावर ऊबवून, स्वतःच्याच गालांवरून सावकाश हात फिरवायची सवय मात्र लागली. साठीपर्यंत तेवढा वेळ मी माझ्या चेहऱ्याला कधी दिला नव्हता.

काल भाचीचा फोन आला, दुसरी डबी पाठवू का म्हणून. म्हटलं, डबी नको. सेऊलच्या राजवाडा संग्रहालयात जा आणि ह्वाह्योपच्या त्या बारा डब्या बघायला मिळाल्या तर मला सगळं नीट सांग. मुंग्यांची कोणती होती, ती विचारून घे.