नळाच्या वायसरचा रेडिओ

मुरबाडहून माळशेजकडे किंवा शहापूरहून कसाऱ्याकडे निघालात, की डोंगर आडवे येतात. व्हीएचएफ लहरी तिथेच अडतात; लघुलहरी मात्र आकाशातून परतून पलीकडे उतरतात. म्हणून इथल्या हौशी रेडिओवाल्याला लघुलहरींचा संच हवा. तो आणायचा कुठून?

अमेरिकेतल्या हीथकिटने सुटे भाग खोक्यात घालून विकले आणि १९९२ मध्ये तो धंदा गुंडाळला. १९९८ मध्ये एलेक्राफ्ट आली. तिचा 'के-टू' उत्तमच होता. पण किंमत डॉलरमध्ये, वर सीमाशुल्क! आपल्याकडे लॅमिंग्टन रोडवर भाग शोधत हिंडायचे, हेच आपले किट.

२००३ मध्ये हैदराबादच्या अशर फरहान यांनी 'बिटएक्स'चा आराखडा सर्वांना खुला केला. तार गुंडाळायला टोरॉइड मिळत नाही? नळाचे वायसर घ्या! शक्ती जेमतेम सहा वॅट, पण भाग साध्या दुकानातले. पुढे 'मायक्रोबिटएक्स'चे तयार बोर्ड हैदराबादेतून परदेशी जाऊ लागले. महागड्या किटला इथे गिऱ्हाईक नव्हते, म्हणून तर हे स्वस्त किट जन्मले. मुरबाडात 'के-टू'सारख्या संचाचा ग्राहक शोधणे मला तरी व्यर्थ वाटते. तेवढ्या पैशांत शाळेतली पोरे दहा बिटएक्स जोडतील; अर्थात, परवाना आधी काढून.