कडू बदाम, मऊ गंध आणि कोल्हापूरचा समुद्रदेव

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४० च्या दशकात तेथील मातीतून कांस्यवस्तूंचा मोठा साठा बाहेर आला. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी मूर्ती होती, मद्य ओतण्याचा सुबक चंबूही होता. दोन्ही वस्तू रोमन जगातून आलेल्या. १९४५-४६ मध्ये सांकळिया आणि दीक्षित यांनी येथे उत्खनन केले. मूर्ती आज टाऊन हॉलमधील संग्रहालयात आहे.

चंबू दिसला की मद्य आठवते. पण या व्यापाराचा जीव सुगंधातही होता. भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी १० कोटी सेस्टर्स रोमकडून ओढून घेतात, अशी तक्रार इसवी सनाच्या पहिल्या शतकात प्लिनीने केली, तीही सुगंधी द्रव्यांविषयी लिहिताना.

याच प्लिनीने इजिप्तमधील ‘मेटोपियम’ या सुगंधी तेलाची कृती नोंदवली आहे. पाया कडू बदामाच्या तेलाचा. त्यात कच्च्या द्राक्षांचा वा ऑलिव्हचा रस, कार्दमोमम, सुगंधी गवत, मध, मद्य, बोळ, गॅल्बनम नावाचा उग्र डिंक आणि राळ. बदामाचे अत्तर म्हणून या तेलाचा आज मोठ्या कौतुकाने उल्लेख होतो.

मात्र या तेलाला बदामाचा वास असण्याची शक्यता फार कमी. डायोस्कोरिडीज तर सांगतो की ‘मेटोपियन’ हे नावच गॅल्बनमवरून पडले. आणि रसायनशास्त्रही त्याच्याच बाजूने आहे.

कडू बदामाच्या गरात तो गंध तयार स्थितीत नसतोच. तेथे असते अमिग्डालिन, ज्याला वास नाही. गर ठेचून पाण्यात भिजवला की गरातीलच एक विकर त्याचे तुकडे करते: साखर, बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड. गोड वास बेंझाल्डिहाइडचा. सायनाइड हे जहाल विष. दोघे एकाच वेळी जन्मतात. कोरडा गर दाबून काढलेल्या तेलात मात्र यांतले फारसे काही उतरत नाही.

कोल्हापूरच्या तालमींत मल्लांसाठी थंडाई घोटतात, तेव्हा बदाम पाण्यातच वाटला जातो. तरीही तो परिचित ‘बदामी’ वास येत नाही, कारण गोड बदामात अमिग्डालिन जवळजवळ नसते. चुकून एखादा कडू दाणा आला, तर जिभेआधी नाकाला कळावे!

जुन्या भारतीय गंधशास्त्राने बदामाला फारसे विचारले नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त १६ द्रव्यांच्या मिश्रणांतून १,७४,७२० गंध होतात असा हिशेब मांडला. त्या सोळांत वाळा, कापूर, अगरू, तगर, चंदन आहेत, बदाम नाही. ‘बदाम’ हा शब्दही फारसीतून आलेला.

कडू बदाम पश्चिम भारतात आला, पण वेगळ्याच कामासाठी. सतराव्या शतकात गुजरातेत तो चक्क सुट्या पैशांसारखा चाले, असे फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये लिहितो. इराणातून आलेले हे बदाम इतके कडू, की मुले खाऊन टाकतील ही भीतीच नाही. बाजारात हातोहात फिरणाऱ्या त्या चिल्लरीत एक अत्तर बंद होते.

ते बाहेर काढले एकोणिसाव्या शतकाने. १८३० मध्ये रोबिके आणि बुत्रों-शारलार यांनी अमिग्डालिन वेगळे केले. १८३७ मध्ये लीबिश आणि व्होलर यांनी त्याच्या विघटनाचे कोडे उलगडले. मग सायनाइड काढून टाकलेला बदामगंध मिळू लागला. तो महाग पडे, म्हणून साबणात ‘मिरबेन तेल’ आले. हे म्हणजे १८३४ मध्ये मिट्शर्लिखने बनवलेले नायट्रोबेंझिन. वास हुबेहूब बदामाचा, किंमत नगण्य; पण ते त्वचेतूनही शरीरात शिरते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती खुंटवते आणि ओठ निळे पाडते. स्वस्त साबणाच्या या सुवासाची किंमत अनेक कामगारांनी मोजली. अत्तरांच्या रम्य इतिहासात ही हकीकत सहसा तळटीपेतही सापडत नाही.

आज ज्याला ‘मऊ बदाम’ म्हणतात तो गंध बहुधा निराळ्याच द्रव्याचा असतो. १८६९ मध्ये ओळखल्या गेलेल्या हेलिओट्रोपिनचा. १९०६ च्या गेर्लांच्या ‘आप्रे लाँदे’ या अत्तरात तो गाजला. मनगटावर लावल्यावर फरक स्पष्ट जाणवतो. बेंझाल्डिहाइडचा तीक्ष्ण, कोयीसारखा वास आधी येतो आणि लवकर उडून जातो. हवेत त्याचे बेंझोइक आम्लही होते. मागे राहतो हेलिओट्रोपिनचा पावडरीसारखा, किंचित व्हॅनिलाकडे झुकणारा मऊपणा, आणि तोच कितीतरी तास त्वचेवर रेंगाळतो.