आखजीची फुगडी

आखजी म्हणजे आपल्या खानदेशातील सासुरवाशिणींचा विसावा. माहेरचे झोके, झिम्मा, फुगडी! असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनीही या सणावर गाणे रचले.

पहिल्या आखजीला मी धुळ्याहून जळगावी आले ती अगदी मुकी होऊन. आईने काही विचारले नाही. मैत्रिणीबरोबर फुगडीला उभे केले. वेग वाढला, दम लागला, हुंदका फुटला आणि मन हलके झाले.

अमेरिकेत मॅरियन चेस यांनी १९४२ साली वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात नृत्योपचार सुरू केला. आपल्याकडे ते काम अंगणात होत असे. पण माझ्या विधवा काकू ओट्यावरूनच बघत राहिल्या. बहिणाबाईंनाही तिशीतच वैधव्य आले होते. ज्यांना फुगडीची अधिक गरज, त्यांनाच आपण दूर ठेवले. यंदा मंडळाच्या आखजीला प्रथम त्यांचेच हात धरू या.