किंडरगार्टन : एका समासाची कुळकथा

वर्धा जिल्ह्यांतील आष्टीच्या आसपास संत्र्यांच्या बागा आहेत. बाग म्हटली कीं आधीं कुंपण आलें. गुराढोरांपासून राखलें नाहीं तर रोप जगत नाहीं. भाषेनेंही बागेला नांव दिलें तें पुष्कळदां ह्या कुंपणावरूनच. आपली ‘वाडी’ संस्कृत ‘वाटिके’वरून आली, आणि ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा. जर्मन ‘गार्टन’चा, म्हणजे बागेचा, मूळ अर्थही तोच, भाषाशास्त्रज्ञ त्याचें नातें संस्कृत ‘गृहा’शीं, म्हणजे पर्यायानें आपल्या ‘घरा’शीं, जोडतात. ‘किंडर’ म्हणजे मुलें. तो शब्द ‘जन्’ धातूच्या गोतांतला. परका वाटणारा हा समास असा दोन्ही अंगांनीं आपला सोयरा निघतो.

समास केला फ्रीड्रिख फ्रोबेलनें, १८४० सालीं, ब्लांकेनबुर्ग येथील आपल्या संस्थेसाठीं. विग्रह सोपा : मुलांची बाग. पण मूल हेंच रोप व शिक्षक हा माळी, हें रूपकही त्याच्या मनांत होतें. शिवाय तो प्रत्येक मुलाला खराखुरा वाफा देण्याच्या मताचा होता! असल्या निरुपद्रवी बागेवर प्रशियाच्या सरकारनें १८५१ सालीं बंदी घातली. पुतण्या कार्ल ह्याचीं मतें काकाच्या माथीं मारलीं गेलीं. पुढच्याच वर्षीं फ्रोबेल वारला. बंदी उठली १८६० सालीं.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ पासून बोर्डीस जें काम आरंभिलें, त्यानें ‘बालवाडी’ मराठींत रुजली. १९७५ च्या सरकारी योजनेनें ‘अंगणवाडी’ खेडोपाडीं नेली. ह्या नांवांतून ‘बाल’ गळालें, पण घराचें अंगण आलें. फ्रोबेलचा तो वाफा मात्र नांवाबरोबर सर्वत्र आला असें म्हणवत नाहीं.